‘एक्स्टेंड’ शब्दाचं मूळ कसं शोधायचं: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजीतला ‘एक्स्टेंड’ म्हणजे वाढवणं, लांबवणं, पुढे करणं. तो लॅटिनमधून आला, त्यात ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणं, हे कोणताही बरा कोश दोन ओळींत सांगतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. त्या दोन ओळी वाचायच्या कशा? त्यांवर भरवसा का ठेवायचा? आणि टेंट, टेन्शन, टेंडर, टेन्स, स्टेंट हे सारखे ऐकू येणारे शब्द याच घरातले की परके, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचं? नुसत्या दिसण्यावरून नाती जोडणारा हमखास फसतो. इथे दिलेली रीत लॅटिनमधून आलेल्या बहुतेक इंग्रजी शब्दांना चालते. ‘एक्स्टेंड’ सरावाला विशेष चांगला, कारण त्याच्या प्रत्येक पायरीवर काही ना काही हाती लागतं आणि शेवटी वाट थेट संस्कृत-मराठीत येते.

हाताशी चार कोश असावेत. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश. तो १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. शब्दाचा प्रत्येक अर्थ कधीपासून लिखाणात सापडतो, हे तो अवतरणांसह दाखवतो. लॅटिनसाठी ल्यूइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश, संस्कृतसाठी मोनिअर-विल्यम्सचा १८९९ चा, आणि मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. खिशातल्या छोट्या कोशावर हे काम होत नाही. त्यात अर्थांचा इतिहास गाळलेला असतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

पायरी १: आजचे अर्थ सुटे करा

मूळ शोधण्याआधी आपण नेमका कशाचा शोध घेतोय हे कागदावर उतरवा. शब्द पाच-सहा वाक्यांत वापरून पाहा आणि प्रत्येक ठिकाणी मराठीत कोणतं क्रियापद बसतं ते लिहा. हात एक्स्टेंड केला: पुढे केला, सरळ केला. रस्ता एक्स्टेंड केला: पुढे नेला. मुदत: वाढवली. नियम आणखी लोकांना: लागू केला. आमंत्रण किंवा मदत: देऊ केली. डोंगररांग नदीपर्यंत एक्स्टेंड होते: पसरली आहे.

मराठीत सहा जागी सहा क्रियापदं लागली, म्हणजे हे सहा अर्थ वेगळे धरायला हवेत. आता त्यांच्यातला समान सांगाडा शोधा. प्रत्येक ठिकाणी एक टोक जागेवर आहे आणि दुसरं टोक दूर सरकतंय. खांदा तिथेच, बोटं पुढे. मुदतीची सुरुवात तीच, शेवट पुढे. नियम तोच, त्याची हद्द पुढे.

हा सांगाडा सापडला की शेजारचे शब्दही आपोआप वेगळे होतात. ‘एक्स्पँड’ म्हणजे सगळ्या बाजूंनी फुगणं किंवा पसरणं. त्यातला धातू ‘पान्देरे’, पसरवणं, हा वेगळा आहे. म्हणून फुगा एक्स्पँड होतो, शिडी एक्स्टेंड होते. ‘प्रोलाँग’ फक्त काळाबद्दल बोलतो. त्यात ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘लोंगुस’ म्हणजे लांब. ‘प्रोट्रॅक्ट’मध्ये ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणं, आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॅक्शन त्याच धातूचे. त्यामुळे प्रोट्रॅक्टेड वाटाघाटी म्हणजे रेंगाळत, ओढत नेलेल्या. ‘एक्स्टेंड’ला असा कंटाळ्याचा वास नाही. मुदत एक्स्टेंड केली म्हटलं तर तो निर्णय असतो, प्रोट्रॅक्ट झाली म्हटलं तर तक्रार.

पायरी २: शब्द फोडा, पण फोड सिद्ध करा

‘एक्स’ अधिक ‘टेंड’ ही फोड डोळ्यांना पटते, पण तेवढ्यावर थांबू नका. दोन्ही तुकडे अदलाबदल करून पाहा. शेपूट तेच ठेवून डोकं बदला: अटेंड, इंटेंड, कंटेंड, प्रिटेंड, डिस्टेंड. डोकं तेच ठेवून शेपूट बदला: एक्स्पोर्ट, एक्स्क्लूड, एक्स्ट्रॅक्ट. दोन्हीकडे खरे शब्द मिळाले आणि अर्थही जुळले, तर फोड टिकली. अटेंड म्हणजे ‘अद्’ अधिक ‘तेन्देरे’, मन एखाद्या गोष्टीकडे ताणणं. इंटेंड म्हणजे मनाचा रोख एका दिशेला ताणणं. प्रिटेंडमध्ये ‘प्राइ’ म्हणजे समोर. समोर काहीतरी ताणून धरणं, पडद्यासारखं, आणि त्यावरून बहाणा करणं. डिस्टेंडमध्ये पोट सगळीकडून ताणलं जातं.

‘एक्स’ या उपसर्गाची तीन रूपं लक्षात ठेवा. स्वरांपुढे आणि क, प, त यांसारख्या व्यंजनांपुढे तो पूर्ण राहतो. ब, द, ग, ल, म, न, र, व यांपुढे नुसता ‘ए’ उरतो: इमिट, इलेक्ट. फ-पुढे ‘एफ’ होतो: इफेक्ट.

इथे एक सापळा आहे आणि नवखे त्यात सर्रास अडकतात. ‘एक्स’च्या पुढे धातू स-ने सुरू होत असेल, तर तो स लिहिण्यात गळतो, कारण ‘एक्स’च्या उच्चारात एक स आधीच आहे. म्हणून एक्स्पेक्टमध्ये धातू ‘पेक्त’ नाही, ‘स्पेक्तारे’ म्हणजे पाहणं आहे. एक्स्टिंग्विशमध्ये ‘स्तिन्गुएरे’, विझवणं. आणि ‘एक्स्टंट’, म्हणजे अजून अस्तित्वात असलेलं, यात ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं आहे, आपल्या ‘स्था’चा भाऊबंद. ‘एक्स्टेंट’ म्हणजे विस्तार किंवा मर्यादा, ‘एक्स्टंट’ म्हणजे शिल्लक असलेलं. इंग्रजी लिहिण्यात दोघांत एकाच अक्षराचा फरक, पण कुळं दोन. तेव्हा ‘एक्स’ दिसला की दर वेळी विचारा: आत एक स दडलेला तर नाही ना? ‘एक्स्टेंड’बाबत उत्तर ‘नाही’ आहे, कारण लॅटिनमध्ये ‘तेन्देरे’ स्वतंत्रपणे, नेमक्या ताणण्याच्या अर्थाने, मिळतो.

पायरी ३: कोशातली नोंद वाचा

व्युत्पत्तीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की आपण नव्याकडून जुन्याकडे जातो. कोनाचं चिन्ह, ज्याचं निमुळतं टोक डावीकडे असतं, त्याचा अर्थ ‘यावरून आला’. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कोणत्याही ग्रंथात किंवा शिलालेखात सापडलेलं नाही, भाषांची तुलना करून ते पुन्हा उभं केलेलं आहे. तारांकित रूप म्हणजे अंदाज नव्हे. ते नियमांनी बांधलेलं अनुमान असतं. पण ते कोणी लिहिलेलं नाही, हे विसरू नये.

सनाच्या बाबतीत आणखी सावध राहा. कोशात दिलेला काळ शब्दाच्या जन्माचा नसतो. आजवर टिकलेल्या लिखाणात तो पहिल्यांदा कुठे दिसतो, एवढंच त्यातून कळतं. बोलण्यात तो त्याआधी असू शकतो.

‘एक्स्टेंड’ची ओळ साधारण अशी वाचता येते: इंग्रजीत चौदाव्या शतकापासून, इंग्लंडमधल्या नॉर्मन फ्रेंचमधून, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तान्द्र’, लॅटिन ‘एक्स्तेन्देरे’, त्यात ‘एक्स’ आणि ‘तेन्देरे’, त्याच्या मुळाशी तारांकित ‘तेन्’, ताणणं.

फ्रेंच टप्पा वगळायचा मोह होतो, तो आवरा. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एस्त’ने सुरू होणाऱ्या शब्दांतला स पुढे गळला आणि आजच्या फ्रेंचमध्ये ‘ए’वर तिरपी मात्रा उरली. म्हणून आजचं फ्रेंच रूप ‘एतान्द्र’. इंग्रजीने मात्र अनेक शब्द स गळण्याआधीच उचलले. फ्रेंच ‘एता’ आणि इंग्रजी स्टेट, फ्रेंच ‘एत्रांझ’ आणि इंग्रजी स्ट्रेंज या जोड्या त्यातूनच झाल्या. ‘एक्स्टेंड’मध्ये मात्र पुढचा भाग लॅटिनच्या वळणावर ‘एक्स’ असाच लिहिला जाऊ लागला. फ्रेंच टप्पा ठाऊक नसेल तर या जोड्या दिसतात, पण त्यांचं कारण कळत नाही.

पायरी ४: लॅटिन क्रियापदाची चारही रूपं काढा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सर्वांत जास्त उत्तरं इथेच मिळतात. लॅटिन कोश क्रियापदाची चार मुख्य रूपं देतो: वर्तमानकाळाचं प्रथमपुरुषी रूप, मूळ क्रियारूप, भूतकाळाचं रूप, आणि ज्यावरून धातुसाधितं बनतात ते चौथं. ‘तेन्दो, तेन्देरे, तेतेन्दी’ आणि चौथ्या जागी दोन पर्याय: ‘तेन्तुम’ किंवा ‘तेन्सुम’. ‘एक्स्तेन्देरे’चंही तसंच.

दोन पर्याय कसे? लॅटिनमध्ये धातूच्या शेवटच्या द-ला प्रत्ययाचा त भिडला की दोघांचा मिळून स होतो. ‘देफेन्देरे’ची ‘देफेन्सुम’ अशी गत होते, म्हणून डिफेंडवरून डिफेन्स. सस्पेंड–सस्पेन्स, रिस्पाँड–रिस्पॉन्स, एक्स्पँड–एक्स्पॅन्स हे सगळे त्याच नियमाचे. ‘तेन्द’पासून याच नियमाने ‘तेन्सुम’ झालं. पण ‘तेन्द’मधला द मुळात धातूचा नाही, जुना धातू नुसता ‘तेन्’ होता. त्या द-विरहित काळातलं रूप म्हणजे ‘तेन्तुम’. नवं आणि जुनं रूप लॅटिनमध्ये शेजारीशेजारी नांदलं आणि इंग्रजीने दोन्हींकडून शब्द घेतले.

रोजच्या शुद्धलेखनाचा एक छळ यातून सुटतो. ‘शन’ने संपणाऱ्या नामात टी लिहायचा की एस? एक्स्टेन्शन, टेन्शन, प्रिटेन्शन हे ‘तेन्सुम’च्या बाजूचे, त्यांत एस. अटेन्शन, इंटेन्शन, कंटेन्शन हे ‘तेन्तुम’च्या बाजूचे, त्यांत टी. डिस्टेन्शन दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. एस घालून लिहिलेला ‘इंटेन्शन’ तर्कशास्त्रातला निराळा शब्द आहे आणि तिथे तो ‘एक्स्टेन्शन’च्या जोडीने येतो: संकल्पनेत कोणते गुण येतात ते इंटेन्शन, ती कोणकोणत्या वस्तूंना लागू होते तो पसारा एक्स्टेन्शन. हे वाटप कोणत्या शब्दाला का मिळालं याला उच्चाराचं कारण देता येत नाही, ते पाठच करावं लागतं. पण पाठ करायची यादी सहा शब्दांची आहे, आणि दोन्ही गटांचं मूळ माहीत असलं की ती डोक्यात बसते.

पायरी ५: अर्थांचा क्रम तपासा, आणि त्याला भुलू नका

ऑक्सफर्डच्या कोशात ‘एक्स्टेंड’च्या सर्वांत जुन्या अर्थांपैकी एक अगदी अनपेक्षित आहे: जमिनीचं मूल्य ठरवणं. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात जमीनजुमल्याची मोजदाद करून तिच्यापासून वर्षाला किती उत्पन्न येईल हे ठरवण्याला ‘एक्स्टेंड’ करणं म्हणत, आणि त्या मूल्यांकनाला ‘एक्स्टेंट’. हा ‘एक्स्टेंट’ नॉर्मन फ्रेंच ‘एक्स्तान्त’वरून आला, म्हणजे ‘तेन्तुम’च्या बाजूने. म्हणूनच त्यात टी आहे. कर्ज थकवणाऱ्याची जमीन जप्त करण्याच्या हुकमालाही पुढे ‘एक्स्टेंट’ हेच नाव होतं. आज आपण ‘काही एक्स्टेंटपर्यंत’ म्हणतो तो ‘प्रमाण, मर्यादा’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरचा.

यावरून नवखा अभ्यासक निष्कर्ष काढतो की शब्दाचा मूळ अर्थ ‘मूल्य ठरवणं’ आणि ‘लांबवणं’ हा नंतरचा. हे चूक आहे. हात पुढे करणं, सैन्याची रांग पसरवणं, काळ लांबवणं हे सगळे अर्थ लॅटिन ‘एक्स्तेन्देरे’ला आधीच होते. इंग्रजीने तो शब्द तयार गाठोड्यासकट घेतला. गाठोड्यातली कोणती वस्तू आधी बाहेर निघाली, एवढंच इंग्रजी सनावळ्या सांगतात. कायद्याचे कागद जपले जातात, म्हणून कायद्याचा अर्थ लवकर नोंदला जाणं यात नवल नाही. उसन्या शब्दाच्या अर्थांचा क्रम लावायचा असेल तर देणाऱ्या भाषेत जावं लागतं.

पायरी ६: ध्वनींची कसोटी लावा

आता ‘तेन्’कडे. लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि जर्मन कुळातल्या भाषा एका आद्य भाषेतून फुटल्या, आणि प्रत्येकीत मूळ ध्वनी ठरावीक रीतीने बदलले. सजातीय शब्द ओळखायचे ते या बदलांवरून. दोन शब्द ‘सारखे’ आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. ‘जितके वेगळे असायला हवेत तितके आणि तसेच वेगळे आहेत का’ हा खरा प्रश्न.

पहिली कसोटी त-ची. मूळ त लॅटिन, ग्रीक, संस्कृतात त राहतो. अस्सल इंग्रजी शब्दांत मात्र शब्दाच्या आरंभी त्याचा थ होतो. संस्कृत ‘त्रि’, लॅटिन ‘त्रेस’, इंग्रजी ‘थ्री’. म्हणजे ‘तेन्’चा अस्सल इंग्रजी वंशज थ-ने सुरू झाला पाहिजे. तसा तो आहे: ‘थिन’, पातळ. लॅटिन ‘तेनुइस’, संस्कृत ‘तनु’, दोन्हींचा अर्थ पातळ, सडपातळ. ताणली की वस्तू पातळ होते, त्यामुळे अर्थाचा दुवाही पक्का. लॅटिन ‘तेनुइस’वरूनच ‘एक्स्टेन्युएट’ आला: गुन्ह्याचं गांभीर्य पातळ करणारी परिस्थिती.

याचा उलटा उपयोग अधिक कामाचा. इंग्रजीत या घराण्यातला कोणताही शब्द ट-ने सुरू होत असेल तर तो उसना असणारच: फ्रेंचमधून, लॅटिनमधून किंवा ग्रीकमधून. आणि अस्सल इंग्रजी ट दिसला तर त्याच्यासमोर लॅटिन-संस्कृतात द यायला हवा. म्हणून ‘टेन’, दहा, हा ‘तेन्’चा कोणी नाही. त्याच्यासमोर ‘देकेम’ आणि ‘दश’ उभे आहेत. ‘टू’समोर ‘दुओ’ आणि ‘द्वि’, ‘टूथ’समोर ‘दन्त’.

दुसरी कसोटी स्वरांची. मूळ ए आणि ओ संस्कृतात अ किंवा आ होतात, ग्रीकमध्ये जसेच्या तसे राहतात. ‘तेन्’चं ओ-कारी रूप ग्रीकमध्ये ‘तोनोस’: ताण, ताणलेली तार, आणि तिचा सूर. इंग्रजी ‘टोन’ त्यावरून. संस्कृतात त्याच घडणीचा शब्द ‘तान’. गायक तान घेतो आणि समीक्षक टोनबद्दल लिहितो, तेव्हा दोघेही एकच जुना शब्द वापरत असतात.

तिसरी कसोटी अवघड वाटते, पण सर्वांत खात्रीची. धातूतला स्वर गळला की मधला न स्वतःच स्वराचं काम करू लागतो. असा न संस्कृतात आणि ग्रीकमध्ये नुसता ‘अ’ होतो, लॅटिनमध्ये ‘एन’ किंवा ‘इन’, इंग्रजीत ‘अन’. नकाराचा उपसर्ग घ्या: संस्कृत ‘अज्ञात’, ग्रीक ‘अग्नोस्तोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’, इंग्रजी ‘अननोन’. आता ‘ताणलेला’ या अर्थाचं धातुसाधित पाहा: संस्कृत ‘तत’, ग्रीक ‘तातोस’, लॅटिन ‘तेन्तुस’. नियमात तंतोतंत बसलं. म्हणजे अटेन्शनमधला टी, ‘एक्स्टेंट’मधला टी आणि ‘तत’मधला दुसरा त एकाच प्रत्ययाचे आहेत.

पायरी ७: संस्कृत आणि मराठी नातलग गोळा करा

संस्कृतात हा धातू इतका मानाचा की दहा गणांपैकी आठव्या गणाला त्याचंच नाव आहे: तनादि. पाणिनीय धातुपाठ त्याचा अर्थ ‘विस्तारे’ असा देतो. रूप ‘तनोति’. त्यावरून ‘तन्तु’, ‘तन्त्र’ (आधी माग किंवा त्यावर ताणलेले धागे, पद्धती वगैरे अर्थ नंतरचे), ‘तनय’ आणि ‘सन्तान’, म्हणजे वंश पुढे नेणारे, आणि ‘वितान’, म्हणजे ताणलेलं छत. इंग्रजी ‘टेंट’ही लॅटिन ‘तेन्तुस’कडून फ्रेंचमार्गे आलेला, ताणलेलं कापडच. दोन भाषांनी एकाच धातूपासून एकमेकींना न विचारता तंबू उभारला.

‘तत’ मराठीत दोन ठिकाणी लपला आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त वाद्यांचे चार वर्ग आहेत, तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. त्यांतली तत म्हणजे तारांची वाद्यं. दुसरं, ‘सतत’ म्हणजे ‘सम्’ अधिक ‘तत’, खंड न पडता ताणलेलं. ‘सम्’मधलं अनुनासिक ज्यात गळलं नाही तो ‘सन्तत’, आपल्या ‘संततधार’मध्ये आहे. इंग्रजी ‘कंटिन्यू’ची घडण याच्या जवळची आहे: ‘कोन’ म्हणजे सह, आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरून ठेवणं, जो याच ‘तेन्’चा दुसरा लॅटिन अवतार. कंटेन, रिटेन, टेनंट, टेन्युअर हे सगळे ‘तेनेरे’चे.

मराठीत ‘ताण’ आणि ‘ताणणे’ यांतला ण पाहून शंका येते, ती योग्यच आहे. उत्तर मराठीच्या स्वतःच्या नियमात आहे: दोन स्वरांमधल्या संस्कृत न-चा तद्भव शब्दांत ण होतो. ‘पानीय’चं ‘पाणी’, तसं ‘तान’चं ‘ताण’. गाण्यातली ‘तान’ मात्र संस्कृतातून जशीच्या तशी उचललेली, तत्सम, म्हणून तिचा न शाबूत. तेव्हा ताण आणि तान ही एकाच शब्दाची दोन वयं आहेत. मागावरचा ‘ताणा’ आणि धनुकलीची ‘तांत’ हेही याच कुळातले.

एक इशारा. ‘एक्स्टेन्शन’चं भाषांतर ‘विस्तार’ होतं, पण विस्तार ‘तन्’चा नाही. तो ‘वि’ अधिक ‘स्तृ’, पसरणं. त्याचे पाश्चात्त्य नातलग लॅटिन ‘स्त्रातुम’, थर, आणि त्यामार्गे इंग्रजी ‘स्ट्रीट’. भाषांतर जुळलं म्हणून रक्ताचं नातं जुळत नाही. उलटही खरं: ‘हायपोटेन्यूज’ म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि ‘टिटॅनस’ म्हणजे धनुर्वात, यांचे मराठी प्रतिशब्द वेगळ्याच मुळांचे आहेत, तरी ते दोन्ही ग्रीकमार्गे ‘तेन्’चेच. पहिला ‘खालून ताणलेली’ रेषा, दुसरा स्नायूंचा ताठरपणा.

पायरी ८: संशयितांची झडती

‘टेन्स’ दोन आहेत. ताणलेला, तंग, तो ‘तेन्सुस’चा. व्याकरणातला काळ मात्र लॅटिन ‘तेम्पुस’, वेळ, यावरून जुन्या फ्रेंच ‘तेन्स’मार्गे आला, घरात घेऊ नका.

‘टेंडर’ तीन. निविदेचा टेंडर फ्रेंच ‘तान्द्र’वरून, पुढे करणं, देऊ करणं, म्हणजे आपलाच. वाफेच्या इंजिनामागचा कोळशाचा टेंडर ‘अटेंड’चं डोकं गळून झालेला, सेवेला हजर असणारा, तोही आपला, पण आडवाटेने. तिसरा, कोवळा या अर्थाचा, लॅटिन ‘तेनेर’चा, आणि तो ‘तेन्’शी जोडावा की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही.

‘थंडर’ फसवण्यात सगळ्यांचा बाप. थ आहे, न आहे, लॅटिनमध्ये ‘तोनारे’ आहे, ध्वनींची कसोटी तो पास होतो. तरीही धातू निराळा: गर्जना करणं या अर्थाचा, संस्कृतात ‘स्तनित’ म्हणजे मेघगर्जना यात दिसणारा, ज्याच्या आरंभी कधी स असतो कधी नसतो. ध्वनी जुळणं ही किमान अट आहे. अर्थाचा दुवाही दाखवता आला पाहिजे.

‘टेंडन’, स्नायुबंध, ग्रीक ‘तेनोन’वरून, पण त्यातला ड ‘तेन्देरे’च्या प्रभावाने मध्ययुगीन लॅटिनमध्ये शिरला. ‘टेनिस’ बहुधा फ्रेंच ‘तने’, म्हणजे ‘घ्या, धरा’, यावरून. चेंडू मारणाऱ्याची आरोळी. इथे ‘बहुधा’ हा शब्द नोंदीत राहू द्या.

‘स्टेंट’, धमनी उघडी ठेवणारी नळी, अर्थाने इतका चपखल बसतो की शंकाच येत नाही. पण तो आडनावावरून आला. चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्याच्या त्यांच्या मिश्रणाला त्यांचं नाव पडलं आणि तेच पुढे शस्त्रक्रियेच्या साधनांकडे सरकलं. व्यक्तिनावाची शक्यता नेहमी तपासून पाहा, ध्वनिनियम तिला पकडू शकत नाहीत.

उरतो ‘स्टँडर्ड’, मूळ अर्थ रणांगणावरचा झेंडा. काहींच्या मते तो ‘एक्स्तेन्देरे’चा, उलगडून धरलेलं निशाण म्हणून. काहींच्या मते जर्मन कुळातल्या ‘ठाम उभं राहणं’ अशा जोडशब्दाचा, आणि आज पारडं या दुसऱ्या मताकडे झुकलेलं आहे. अशा शब्दाची नोंद करताना दोन्ही मूळं लिहा, कलतं मत आधी ठेवा, आणि नात्याच्या रेषेऐवजी तुटक रेषा काढा.